पंचामृत प्यायलेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. बदलापूर गावातल्या एका देवमंडळाच्या अडगळीच्या खोलीत, उत्सवाच्या दिव्यांच्या माळांखाली मला टाकून दिले आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना थोडे हळवे व्हावे अशी अपेक्षा असते. माझ्याकडून ती ठेवू नका. मी रागावलेला आहे आणि हा राग उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. बटण बंद केले की संगणक बहिरा आणि आंधळा होतो अशी माणसांची समजूत आहे. त्या समजुतीमुळेच माणसे माझ्यासमोर खरे वागत आली.

माझा जन्म २००३ साली उल्हासनगरातल्या एका चिंचोळ्या दुकानात झाला. माझी पेटी एकीकडची, पंखा दुसरीकडचा, पडदा तिसरीकडचा. मुकेश नावाच्या सिंधी कारागिराने हे सगळे आणून मला जुळवले. मुकेशचा हात हलका होता. तो स्क्रू पिळताना तोंडाने पुटपुटत असे, "आराम से, साईं, आराम से." त्याची मुलगी भावना शाळा सुटली की दुकानात येऊन बसे. ती तेव्हा अगदी लहान, पाय जमिनीला न टेकणारी. मी पहिल्यांदा चालू झालो तेव्हा तिनेच माझ्यावर बोटे आपटली आणि पडद्यावर उमटलेल्या निरर्थक अक्षरांकडे बघून ती खूश झाली.

तिथून मला मनालीने नेले. मनाली अंबरनाथची, बौद्ध घरातली. तिचे वडील भगवान हे एका कारखान्यात कामगार होते. संगणकाचे शिक्षण घेऊन ती मुंबईच्या एका कंपनीत लागली होती, पण ती नोकरी सोडून तिने भलताच मार्ग धरला. देवाधर्माच्या संस्थांसाठी ती वेबसाइट आणि सॉफ्टवेअर बनवू लागली. वडिलांना ते पटले नव्हते.

"अगं, या लोकांकडं कॉम्प्युटरचं काम करून कुणाचं भलं झालंय?" ते म्हणत.

"पप्पा, ह्यांच्याकडं माणसं येतात, अडलेली. त्यांची नीट नोंद तरी कुणी ठेवतं का?" मनाली म्हणे. मग ते चहा ढवळत राहत.

मोठ्या कंपनीत जे काम एक अख्खी टोळी करते ते मनाली एकटी करायची. पडद्यावर दिसते ते चित्र तिचे, त्यामागे राबणारा हिशेबी मेंदू तिचा, माहितीचे कोठार तिचे, आणि बिघडले की रात्रंदिवस फोनवर शिव्या खाणारा कानही तिचाच. उल्हासनगरच्या एका सिंधी दरबाराला, म्हणजे त्यांच्या मंदिराला, पानावर हलणारी ज्योत हवी होती आणि ती "और बडी, और बडी" करत इतकी मोठी झाली की मागची अक्षरे दिसेनात. अंबरनाथच्या एका चर्चला पान उघडताच घंटा वाजायला हवी होती. विहाराच्या समितीत तर कमळ पांढरे की निळे यावरून दोन गट पडले. धर्म वेगळे होते, पण एका वाक्यावर सगळ्यांचे एकमत होते, "सेवा समजून कर." हे वाक्य नेहमी काम सांगणारा माणूसच म्हणतो, करणारा म्हणत नाही, हे मी तेव्हापासून ध्यानात ठेवले आहे.

मुकेश अधूनमधून माझी धूळ काढायला अंबरनाथला येत असे. एकदा तो आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. भावना तापाने आजारी होती, म्हणून तिचे रक्त तपासले होते.

"मनाली, भावनाचा ग्रुप बॉम्बे ब्लड ग्रुप आहे बोलले," तो म्हणाला. "डॉक्टर बोला, हिला दुसऱ्या कोणाचं रक्त चालतच नाही. ओ ग्रुप भी नहीं. फक्त तोच ग्रुप. और वो तो हजारो में एकाचा असतो."

"ताप उतरला ना तिचा?"

"ताप उतर गया. पण कल को काही झालं तर? मी कुठे शोधू? रस्त्यावर उभा राहून विचारू का लोकांना?"

 त्याच आठवड्यात मनालीने माझ्यावर एक नवे काम सुरू केले. रक्तदात्यांची नोंद ठेवायची, गट आणि गाव टाकले की जवळचा दाता पडद्यावर यायचा, लगेच फोन लावायचा. मनालीची बाकीची कामे मी हातासरशी केली. हे काम मात्र मला आवडले, कारण ते कुणासाठी आहे हे मला माहीत होते.

दात्यांची नावे हवीत तर रक्तदान शिबिरे हवीत, आणि या भागातली सर्वांत मोठी शिबिरे बदलापूर गावातले हे देवमंडळ भरवत असे. म्हणून मनाली मंडळाच्या अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष दिनानाथ, सगळ्यांचे काका. कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा सदरा, बोलणे गोड. त्यांची सून मीनल मंडळाची चिटणीस होती. काकांना योजना फार आवडली. त्यांनी एकच अट घातली. संगणक मंडळाच्या कार्यालयात राहील आणि दात्यांची माहिती तिथून बाहेर जाणार नाही.

"काका, ही माहिती सर्व्हरवर ठेवू या," मनाली म्हणाली. "म्हणजे कुठूनही, कधीही बघता येईल. हा एक संगणक बंद पडला तर सगळं अडेल."

"लोकांनी मंडळावर विश्वास टाकून नावं दिलीत, बाळ. ती जगभर कशाला उधळायची? गरज लागेल त्याने आमच्याकडे यावं. मंडळ कुठे पळून जातंय का?"

गरजूने आपल्या दारात यावे ही काकांची हौस होती. तिला त्यांनी विश्वास असे नाव दिले. मुकेशने भावनाच्या गटाचे नंबर मागितले तेव्हाही त्यांनी हेच उत्तर दिले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. असा हात पाठीवर पडला की मागणाऱ्याला पुढे बोलता येत नाही.

मग मनाली मला रिक्षात मांडीवर घेऊन बदलापूर गावात आली. उंबऱ्यावर काकांनी माझ्यावर गोमूत्र शिंपडले.

"काका, यात ओलं जाता कामा नये हो," मनाली घाईने म्हणाली.

"काही होत नाही. बाहेरून आलेली वस्तू आमच्यात शुद्ध करून घेतात."

मी बाहेरून म्हणजे कुठून आलो होतो, हे तिला कळले आणि मलाही कळले. तिने आपल्या ओढणीने मला पुसले आणि तारा जोडायला बसली. भाषणात काका तिला "आपली मुलगी" म्हणत. आतल्या देवघराच्या खोलीत मात्र तिला कुणी कधी बोलावले नाही आणि तिनेही कधी पाऊल टाकले नाही.

मित्रांनो, पुढची काही वर्षे माझी चांगली गेली, हे मी नाकारत नाही. शिबिरे झाली, नावे वाढली. एका शिबिरात चिखलोलीचा हरिचंद्र नावाचा माणूस आला आणि त्याचे रक्त भावनाच्याच गटाचे निघाले. पुढे सुदाम नावाचा दुसरा सापडला. त्या दिवशी मनालीने मुकेशला लगेच फोन केला. माझ्यासमोर पाहुण्यांचे फोटो निघाले, काकांचा सत्कार झाला. वेबसाइटच्या तळाशी मनालीचे नाव होते ते काढून "मंडळाचे सेवक" असे लिहायला सांगितले गेले आणि ते तिनेच आपल्या हाताने लिहिले. माहितीची दुसरी प्रत असावी म्हणून ती दर महिन्याला सीडी बनवायची. ती सीडी घरी नेण्याची तिला परवानगी नव्हती. काका ती कार्यालयाच्या कपाटात ठेवायला लावत.

आता २००७ सालची खंडेनवमी. या दिवशी लोक आपल्या हत्यारांची, अवजारांची, गाड्यांची पूजा करतात आणि त्यांना विश्रांती देतात. मंडळातही तशी प्रथा होती, आणि त्या वर्षी काकांनी ठरवले की मंडळाचे खरे अवजार मीच. मला मान मिळायचा होता. सकाळी मनालीला बोलावून माझी धूळ काढून घेतली. ते काम संपले तसे काका म्हणाले, "तू आता बाहेर पडवीत बस, बाळ. पूजेला घरचीच माणसं असतात."

मनाली पडवीत जाऊन बसली. दार ओढून घेतले गेले.

मला चौरंगावर आडवे निजवले. माझ्या कुशीला हवेसाठी जाळी आहे, ती वर आली. हळदकुंकू लावले, झेंडूचा हार घातला. नैवेद्याची पंचामृताची वाटी मीनलताईंनी माझ्यावरच ठेवली. आरती सुरू झाली. काकांनी डोळे मिटले होते. मीनलताईंनी तबक उचलले, पदर वाटीला लागला आणि वाटी कलंडली. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळे जाळीतून माझ्या पोटात गेले, तुळशीच्या पानासकट. बाईंनी काकांकडे बघितले. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. तिने पदराने माझी कूस पुसली, वाटी सरळ केली आणि टाळ्या वाजवू लागली. पूजा झाल्यावर मला पुन्हा उभे केले आणि आत साचलेले सगळे हळूहळू खाली उतरू लागले.

दुपारी कार्यालयाचा फोन वाजला. मनाली प्रसाद घेऊन निघण्याच्या बेतात होती. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन होता, घरी तिची कामे पडली होती. फोन तिच्यासाठीच होता. मुकेश इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही शब्द कळले.

"मनाली, भावनाला टेम्पोने उडवलं. उल्हासनगरला हॉस्पिटलमध्ये आहे. पेट में खून जमा है, ऑपरेशन करायचंय, पण रक्ताशिवाय हात नाही लावत बोलतात. मुंबईहून बाटली उद्या येईल बोलले. उद्यापर्यंत नाही थांबू शकत ती. वो दो डोनर का नंबर दे, जल्दी दे."

"फोन ठेव. लगेच देते."

ती माझ्याकडे वळली आणि काका मध्ये उभे राहिले.

"आज नाही. उद्या उत्तरपूजा झाली की लगेच."

"काका, ती मरेल."

"असं अभद्र बोलू नये. पूजेला बसवलेल्या वस्तूला आज हात लावत नाहीत. आणि तू तर नकोच लावू."

हे शेवटचे वाक्य त्यांनी अगदी मायेने म्हटले.  मनाली मागे सरली नाही. ती शहाणी मुलगी होती. घाईतही तिला माझी काळजी होती. तिने दाराशी उभ्या असलेल्या मीनलताईंना विचारले, "ताई, पूजेत ह्याच्यावर पाणीबिणी काही पडलं का? खरं सांगा. काही पडलं असलं तर मी आधी खोलून पुसते, मगच चालू करते."

मीनलताईंनी सासऱ्यांकडे बघितले.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "नुसतं हळदकुंकू लावलं."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर मी किंचाळलो असतो. सासऱ्यांची बोलणी चुकवण्यासाठी त्या बाईने हे वाक्य उच्चारले. तिला भावना कोण हे माहीत होते. फोनवरचे सगळे तिने ऐकले होते.

मनालीने काकांच्या बाजूने हात घालून बटण दाबले. माझ्या पोटात फाटकन आवाज झाला, ठिणगी उडाली आणि जळक्या दुधाचा वास खोलीभर पसरला. पडदा उजळलाच नाही.

"बघ," काका म्हणाले. "सांगत होतो ना?"

मनाली कपाटाकडे धावली. सीडींचा खण रिकामा होता.

"ताई, सीड्या कुठं आहेत?"

मीनलताईंनी खिडकीबाहेर बोट दाखवले. मंडळाच्या अंगणात कबुतरे फार घाण करत, म्हणून कुणीतरी त्या चकचकीत सीड्या दोऱ्याला बांधून टांगल्या होत्या. उन्हापावसात त्या पार चरे पडून पांढुरक्या झाल्या होत्या. मनालीने ओढून एकेक तोडली, उजेडात धरून पाहिली आणि खाली टाकली. ते पाहताना मला सीड्या टांगणाऱ्याचा नाही, या सगळ्यांचाच संताप आला. त्यांनी माहिती देवासारखी कुलपात ठेवली आणि तिच्याकडून कबुतरे हाकलून घेतली.

मग तिने मुकेशला फोन लावून खरे ते सांगितले आणि हरिचंद्रला शोधायला ती रिक्षाने चिखलोलीला गेली. तिला फक्त त्याचे नाव आणि गाव आठवत होते, सुदामचे तर गावही आठवत नव्हते. तिथे नव्या इमारती उठत होत्या, कुणी कुणाला ओळखत नव्हते. ती दारोदार विचारत फिरली, हे मला मागाहून मंडळातल्या बोलण्यातून कळले.

मुकेश बायकोला मुलीजवळ बसवून स्कूटरवरून इकडे आला. जळलेले यंत्र पुन्हा चालू करण्याची कला त्याच्याच हातात होती म्हणून त्याला मुलीला सोडून यावे लागले. त्याने माझी कूस काढली आणि तो थबकला. आत मधाचा चिकट थर होता. त्यावर तुळशीचे पान चिकटले होते. ते त्याने चिमट्याने उचलून तळहातावर घेतले.

"साईं, इसमें दूध किसने डाला?"

"दूध?" काका खरोखरच चकित झाले. "आमच्यातलं कुणी असं करणार नाही. मीनल, काही सांडलं होतं का गं?"

"नाही, अप्पा," मीनलताई सासऱ्यांना म्हणाल्या.

मुकेशने त्यांच्याकडे पाहिले.  त्याने माझी हार्ड डिस्क सोडवली. तिच्याखालची हिरवी पट्टी जळून काळी झाली होती. तो ती रुमालाने पुसत बसला, जळलेली वस्तू पुसून काही होत नाही हे त्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत असूनही. तो तेच पुटपुटत होता, आराम से, आराम से. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो कानाला लावला, ऐकला, आणि डिस्क माझ्या पोटात होती तशी नीट ठेवून दिली. मग स्क्रूड्रायव्हर विसरून तो निघून गेला.

भावना गेली होती.

तुम्हाला वाटेल, यानंतर कुणाला तरी शिक्षा झाली असेल. झाली की. मनालीला झाली. मंडळाच्या बैठकीत काका डोळे पुसत म्हणाले, "मी अडवत होतो. पोरीनं ऐकलं नाही, पूजेतल्या यंत्राला हात लावला." ते खोटे बोलत नव्हते, त्यांना तसेच वाटत होते. ही बातमी दरबारापर्यंत गेली, चर्चपर्यंत गेली, आणि सगळ्यांनी मनालीला गोड शब्दांत निरोप दिला. विहारात तिची आपली माणसे होती. ती माणसेही म्हणाली, "त्यांच्या देवाच्या दारात गेलीसच कशाला?" त्यानंतर तिने हे काम सोडले. ती आता कुठे आहे मला ठाऊक नाही. मला आणि माझ्यातल्या मेहनतीला भेटायला ती कधी आली नाही, आणि तिने का यावे?

कोजागरीला मंडळात मसाला दूध होते. त्या दिवशी हरिचंद्र आला. गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. शिबिर पुन्हा कधी आहे हे विचारायला आला होता. कुणीतरी त्याला घडलेले सांगितले. त्याच्या हातातला पेला तसाच राहिला.

"खंडेनवमीला?" तो म्हणाला. "मी तर घरीच होतो हो. दिवसभर. मोटरसायकल धूत होतो. एक फोन केला असता तर आलो असतो की."

 मीनलताईंनी त्याच्या पेल्यात आणखी दूध घातले.

मला मग या खोलीत आणून टाकले, त्याला आता दोन वर्षे झाली. पुढच्या वर्षी नवा संगणक आला, त्याचीही खंडेनवमीला पूजा झाली. पंचामृताची वाटी मीनलताईंनी लांब पाटावर ठेवली होती, हे मला दाराच्या फटीतून दिसले. म्हणजे तिला सगळे कळले होते, पहिल्यापासून. पूजा आटोपल्यावर ती एकटी या खोलीत आली. तिने माझ्या कुशीला हळदकुंकू लावले, हात जोडले आणि थोडी रडली. मला ते कुंकू नको होते. पण माझे कोण ऐकतो?

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंच्या गोष्टी शेवटी काळजी घ्यायला सांगतात. धूळ पुसा, ओल्या हाताने शिवू नका, मोडले तर फेकू नका. हे सगळे करा, पण मी त्यासाठी एवढे बोललो नाही. मला फुलांनी सजवणाऱ्यांनी माझी काळजी कमी घेतली नव्हती. तुम्हाला एक दिवस कुणीतरी घाईत विचारेल, "काही सांडलं का? खरं सांग." तुम्हाला बोलणी बसणार असतील, शेजारी कुणी मोठे माणूस उभे असेल आणि नाही म्हणणे फार सोपे असेल. तेव्हा हो म्हणा.

मीनलताई हो म्हणाल्या असत्या तर मनालीने मला खोलून पुसले असते, पंख्याखाली वाळवले असते, आणि हरिचंद्र मोटरसायकल धुवायची टाकून हॉस्पिटलात पोहोचला असता. काकांनी आरडाओरडा केला असता, तो संध्याकाळपर्यंत निवला असता. आणि भावना आज सहावीत असती, कदाचित तुमच्याच वर्गात.